नव्या घड्याळातले दहा

घड्याळ बघायला मी लग्न झाल्यावर शिकले. ताडकळसला आमच्या घरी घड्याळ नव्हतं आणि त्याची कुणाला उणीवही वाटत नसे. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, किराणा-भुसाराचं दुकान उन्हं पायरीवर आली की उघडायचं आणि जनावरं रानातून परतली की बंद व्हायचं. गावात म्हणायला एक घड्याळ होतं, पण ते शाळेच्या मास्तरांच्या खिशात असायचं आणि त्याचा उपयोग मास्तरांपुरताच होता.

मग पूर्णेच्या स्टेशनातल्या तारबाबूंशी माझं लग्न झालं. मी त्यांना जन्मभर 'हे' म्हणत आले, इथंही तेच म्हणते. यांचं सगळं आयुष्य मिनिटांवर चालायचं. रेल्वेच्या लायनीत आम्हाला दोन खोल्या आणि पुढं पडवी मिळाली होती. पडवीत उभं राहिलं की फलाटावरचं मोठं गोल घड्याळ समोर दिसायचं. लायनीतल्या सगळ्या बायका त्याच्याकडं बघून चूल पेटवायच्या. मी मात्र शेजारणीकडं बघून पेटवायची.

ही गोष्ट एके दिवशी यांच्या ध्यानात आली. त्यांनी जेवणाचं ताट पालथं घातलं, कडेनं खडूनं आकडे लिहिले आणि तुरीच्या दोन काड्या मोडून, एक लांब आणि एक आखूड, मधोमध ठेवल्या. रोज संध्याकाळी धडा असायचा. अक्षर-आकडा अप्पांनी मला दुकानातच पाटीवर शिकवला होता, त्यामुळं साडे आणि सव्वा लवकर जमलं. 'पावणे'नं मात्र मला रडवलं. पावणेपाच म्हणताना पाच वाजलेलेच नसतात, मग पाचाचं नाव कशाला घ्यायचं, असं मला वाटायचं.

माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, चुलीपाशी बसून हे सगळं ऐकायच्या. "भाकर करपायलीय आन ही ताटात येळ बघायलीय," असं म्हणून हसायच्या. पण त्यांनी कधी अडवलं नाही.

महिनाभरात मला घड्याळ येऊ लागलं. नवं शिकलेल्या माणसाला जशी शंका काढायची खोड लागते तशी मलाही लागली. एकदा मी यांना म्हटलं, "तुमचं घड्याळ चुकतंय. बाराला सूर्य डोक्यावर पाहिजे. पडवीच्या खांबाची सावली तर बारानंतरबी आखूडच होत ऱ्हाते."

यांना या प्रश्नाचा केवढा आनंद झाला. आत्याबाईंनी आणून ठेवलेलं एक कवठ त्यांनी घेतलं, त्यावर कोळशानं तीन ठिपके काढले आणि कंदिलासमोर धरून ते हळूहळू फिरवलं. कलकत्त्याला सूर्य आधी दिसतो, मग आपल्याला, मग मुंबईला. पूर्वी ज्या त्या मोठ्या शहराची आपापली वेळ असायची. पण आगगाडी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते, तिनं कुठली वेळ पाळायची? म्हणून साऱ्या मुलखाला मिळून एकच वेळ ठरवली. ती जिथल्या सूर्यावरून ठरवली ती जागा आपल्या पूर्वेला आहे. तिथं बाराला सूर्य डोक्यावर येतो, आपल्याकडं यायला त्याला आणखी वीस-बावीस मिनिटं लागतात.

"मंजे आपण दुसऱ्याच्या बारावर जेवायलाव," मी म्हणाले.

"साऱ्यांनी एकाच बारावर जेवायचं ठरीवलंय," हे म्हणाले. "रोज ठरल्या येळंला तारंवर खूण येते. ती आली की समद्या स्टेशनातली घड्याळं जुळवायची. आमच्या इथं ती खूण मी घेतो."

आपल्या माणसाच्या हाती एवढ्या मोठ्या गोष्टीची खूण येते, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. आता वेळेबद्दल आपल्याला सगळं कळलं अशी माझी खात्रीच झाली.

पुढं दुसरी मोठी लढाई चालू असतानाची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. एका सकाळी मी उठून पडवीत आले आणि घड्याळाकडं पाहिलं. सात वाजत आले होते. हे रात्रपाळीहून यायची वेळ झाली आणि मी अजून चूलसुद्धा सारवलेली नाही. उजेड मात्र सहाचाच वाटत होता. मला आधी वाटलं आभाळ आलंय. मग वाटलं आपण घड्याळ विसरलो. लांब काटा, आखूड काटा, पुन्हा पुन्हा बघितले. सातच. मी घाईनं पीठ मळायला घेतलं.

हे आले ते हसतच. "सरकारचा हुकूम आलाय. रात्री समदी घड्याळं एक तास पुढं केली. लढाई हाय तवर असंच ऱ्हानार."

"कामून?"

"माणसं तासभर लवकर उठतील, लवकर कामाला लागतील, उजेडातच कामं उरकतील. दिवाबत्ती कमी जळंल."

"मंग तसं सांगायचं की, लवकर उठा मनून. घड्याळ कशाला हलवायचं?"

"सांगून कोन उठतंय?" हे म्हणाले.

मला त्यातलं सगळं पटलं असं नाही. मी महिनाभर खपून जी गोष्ट शिकले होते ती सरकारनं एका रात्रीत हलवली, याचा राग आला होता. पण हातातलं काम करता करता मी यांना खोदून विचारत राहिले आणि दोन दिवसांत मला ते कळलं. तास कुठं गेला नव्हता. ज्या घटकेला काल सहा म्हणायचो तिला आज सात म्हणायचं, एवढंच.

आत्याबाईंनी मात्र नवा तास घरात घेतला नाही. त्या रोज सूर्य उगवायच्या आत आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायच्या. "आता महादेवाला काय सांगू? सरकारनं तास सरकवलाय, लवकर उठा मनून?" असं त्या विचारायच्या. त्यामुळं आमच्या घरात दोन वेळा नांदू लागल्या, जुनी आणि नवी. "जुन्या आठाला ज्वारी दळायला टाक," असं आत्याबाई म्हणायच्या आणि "नव्या दहाला माझी ड्यूटी हाय," असं हे म्हणायचे. दोन्हींचा मेळ घालणं हे माझं काम झालं.

शेजारी इंजन-ड्रायव्हरचं बिऱ्हाड होतं. त्यांच्या घरवालीला सगळी लायन खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. तिनं तर हसण्यावारीच नेलं. "सूरज को कौन ढकेलता जी?" ती आत्याबाईंना म्हणाली. "रोजा छोडने को घड्याल नै देखते हम. आसमान देखते." दोघी त्या दिवसापासून एका पक्षाच्या झाल्या.

लायनीतल्या बाकीच्या बायका मात्र माझ्याकडं विचारायला येऊ लागल्या. मालकाची पाळी नव्या दोनाला सुटते, मग भाकरी कधी टाकू? मुलाची शाळा नव्या वेळेवर भरते, पण पंतोजी अजून जुन्यावर येतात, मग पोराला कधी पाठवू? मी पडवीत उभी राहून सांगायची. दोन वर्षांपूर्वी ज्या बाईला काटे ओळखू येत नव्हते ती आता साऱ्या लायनीची वेळ सांगत होती. खोटं कशाला सांगू, मला त्याची थोडी घमेंड चढली होती.

त्याच हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं जमलं. मुलगा जिंतूरच्या शाळेत मास्तर होता. त्याचे वडील नव्हते, चुलत्यांनी वाढवलेला. लग्न फाल्गुनात ताडकळसला ठरलं. मुहूर्त आमच्या गावच्या स्वामींनी काढून दिला होता आणि मुलाकडच्यांनी परभणीत पत्रिका छापून घेतल्या होत्या. पत्रिकेवर सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटं अशी वेळ होती. वऱ्हाड जिंतूरहून मोटारीनं आदल्या दिवशी परभणीला येणार, लग्नाच्या सकाळी आगगाडीनं पूर्णेला उतरणार आणि तिथून बैलगाड्यांनी ताडकळसला जाणार. पूर्णा ते ताडकळस बैलांच्या पायानं पाच तास सहज लागायचे.

अप्पांनी निरोप धाडला, 'तू लग्नाच्या आधी येऊ नको. व्हराड पूर्णेला उतरंल तवा आपलं कुणीतरी तिथं पाहिजे. त्यांचं चहापाणी कर आन त्यांच्यासंगं ये. गाडी किती वाजता येते ते तेवढं कळीव.'

मी चिठ्ठी लिहायला बसले. साध्या दोन ओळींचं काम होतं. पण मला ते साधं ठेवायचं नव्हतं. मी लिहिलं, 'वऱ्हाडाची गाडी पूर्णेस दहाला येते. हे दहा नव्या घड्याळातले आहेत. सरकारने घड्याळ एक तास पुढे केलेले आहे, हे ध्यानात घेऊन बैलगाड्या पाठवाव्यात.' तीनदा वाचून बघितलं. मला ते इतकं नेमकं वाटलं की यांना वाचून दाखवलं.

हे म्हणाले, "नुसतं जुने नऊ लिही की. गावात जुनंच घड्याळ हाय."

"नुसतं नऊ लिवलं तर त्यांना काय कळंल?" मी म्हणाले. "समजावून सांगितलं मंजे कायमचं कळंल."

चिठ्ठी गेली.

लग्नाचा दिवस उजाडला. मी पहाटेच आवरून, नवं इरकली लुगडं नेसून तयार होते. आत्याबाईही येणार होत्या. यांची ड्यूटी होती, ते दुसऱ्या दिवशी येणार होते. गाडी वेळेवर आली. बावीस माणसं उतरली, बायकामाणसं, ट्रंका, वाजंत्र्यांची जोडी. नवरदेव सडपातळ, चष्मा लावलेला, मनगटावर घड्याळ. चुलते चांगले उंचेपुरे, डोक्याला गुलाबी फेटा, हातात छत्री. उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "गाड्या कुठं हायेत?"

गाड्या नव्हत्या.

"येतीलच इतक्यात," मी म्हणाले. मनात म्हटलं, अप्पांनी जुने दहा धरले असतील. म्हणजे नवे अकरा. तासाभराचा प्रश्न आहे. मी सगळ्यांना पडवीत आणून बसवलं, चहा दिला. अकरा वाजले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सव्वाअकरा झाले. फाल्गुनाचं ऊन तापायला लागलं. चुलते दर पाच मिनिटांनी उठून छत्री उघडायचे, रस्त्यापर्यंत जाऊन बघायचे आणि छत्री मिटून परत यायचे. तारखोलीच्या खिडकीतून हे मान काढून माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते.

साडेअकराला चुलते म्हणाले, "लेकीच्या लग्नाचं ध्यान हाय का न्हाई तुमच्या वडलाला?"

माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी आत गेले आणि आत्याबाईंना म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलंय. काय चुकलं ते कळंना."

आत्याबाईंनी परात ओढली. "तुझं जुनं-नवं ऱ्हाऊ दे. उपाशी माणूस आन भांडान काही लांब नसतंय. आदी त्यांना खाऊ घाल," असं म्हणून त्यांनी ज्वारीचं आणि बेसनाचं पीठ एकत्र केलं, त्यात तिखट-मीठ, लसूण आणि तीळ टाकले आणि ओल्या फडक्यावर धपाटे थापायला सुरुवात केली. मी तव्यावर. खालानं न सांगताच तीन खाटा आणि दोन सतरंज्या आणून पडवीत टाकल्या, रांजण भरून ठेवला आणि तिच्या म्हशीचं गाडगंभर दही भिंतीवरून आमच्याकडं दिलं. लढाईमुळं साखर मिळत नव्हती, म्हणून आत्याबाईंनी गुळाचा सांजा केला. वऱ्हाडाच्या बायकांपैकी दोघी पदर खोचून आत आल्या आणि थापायला, वाढायला लागल्या.

चुलते पहिला धपाटा रागानं खाऊ लागले. दुसरा गप्प बसून खाल्ला. चौथ्याला त्यांनी विचारलं, "ह्यात तीळ हायेत का?"

"हायेत," आत्याबाई आतून म्हणाल्या. "आनखी घ्या."

मी दही वाढत असताना नवरदेवानं मला हळूच विचारलं, "ताई, गाडीची वेळ गावाला कोणी कळवली होती?"

"मी."

"काय लिहिलं होतं?"

मला ती चिठ्ठी तोंडपाठ होती. मी म्हणून दाखवली. तो खाली मान घालून हसायला लागला. "पुढं केलं, असं लिहिलंत?" तो म्हणाला. मला अजूनही उलगडा झाला नाही.

उलगडा नव्या बाराला झाला. पाच बैलगाड्या धूळ उडवत आल्या. बैलांच्या शिंगांना बेगड लावलेली, गळ्यात घुंगरमाळा. पहिल्या गाडीतून अप्पा उतरले. चेहरा असा खुललेला, की जणू कुणीतरी शाबासकी देणार आहे. "अकराच्या टायमाला बरोबर आलो का न्हाई?" ते मला म्हणाले. "गाडी आली का?"

मग त्यांनी पडवीत बसून जेवणारी बावीस माणसं पाहिली.

"दोन तास झाले," चुलते म्हणाले.

अप्पांच्या तोंडावरचा सगळा रंग गेला. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. ते मला बघवेना. थोरल्या माणसांत बायकांनी बोलायची रीत नव्हती, पण मी पुढं झाले आणि म्हणाले, "अप्पांची चूक न्हाई. चिठ्ठी मी लिवली."

मग अप्पांनी हकीकत सांगितली. माझी चिठ्ठी दुकानात चारचौघांत वाचली गेली. दहा हे कळलं, पण घड्याळ पुढं केलंय म्हणजे काय, यावर वाद पडला. शेवटी शाळेच्या मास्तरांना बोलावलं. मास्तर म्हणाले, "लग्न पुढं ढकललं मंजे काय हुतंय? उशिरा हुतंय का लवकर? तसं दहा पुढं ढकलले मंजे अकरा झाले." सगळ्यांना ते पटलं. मास्तरांच्या खिशातल्या जुन्या घड्याळात अकरा वाजता पूर्णेला पोचायचं ठरलं आणि ते अगदी वेळेवर पोचले. त्यांच्या अकराला आमचे बारा वाजले होते.

नवरदेव चुलत्यांना म्हणाला, "काका, माझ्या शाळेत हुकूम आल्यावर निम्मी पोरं दोन तास उशिरा आली होती. त्यांचं म्हणणं हेच होतं."

चुलत्यांनी पानाचा डबा उघडला. हसले नाहीत, पण अप्पांना बसायला जागा केली. "घ्या, धपाटे घ्या," ते म्हणाले, जणू घर त्यांचंच होतं.

बैल सकाळपासून चालून आले होते. त्यांना पाणी-वैरण, सावलीत विसावा देणं भाग होतं. निघेपर्यंत नवे दोन वाजले. मी आणि आत्याबाई दुसऱ्या गाडीत बसलो. पहिल्या गाडीत नवरदेव, चुलते आणि अप्पा होते. ऊन उतरणीला लागलं तशी रस्त्याला जरा गंमत आली. दोन्ही बाजूंना ज्वारीची कणसं खुडलेली रानं, मधूनच करडईचा पिवळा-तांबडा पट्टा. बायकांनी गाणी धरली. मीसुद्धा सकाळचं विसरून त्यात सूर मिळवला.

आणि पुढची गाडी एकदम थांबली.

चुलते खाली उतरले होते. नवरदेवाचं मनगट हातात धरून ते घड्याळ बघत होते. "सहा वीस," ते म्हणाले. "मुहूर्त गेला. गाव अजून किती लांब हाय?"

"दोन कोस असंल," गाडीवान म्हणाला.

बायकांचं गाणं बंद पडलं. अप्पा चाकाला धरून उभे राहिले. मुहूर्त टळलेलं लग्न म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी म्हणालं परत फिरावं, कुणी म्हणालं स्वामींकडून दुसरा दिवस काढावा. मी गाडीत बसून बहिणीचा विचार करत होते. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेली ती वाट बघत बसली असणार. आणि मग माझी नजर सूर्याकडं गेली.

मी खाली उतरले. "सहा वीस कुणी काढले?" मी विचारलं.

चुलते वळले. "सकाळी तुमच्याच हिशेबानं आमी दोन तास उन्हात बसलाव, बाई."

"उन्हात न्हाई," आत्याबाई गाडीतून म्हणाल्या. "माझ्या पडवीत. तिचं ऐकून तर घ्या."

मी यावेळी पुढं-मागं हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत असं ठरवलं होतं. "स्वामींच्या घरी घड्याळ न्हाई," मी म्हणाले. "त्यांनी मुहूर्त कसा सांगितला हुता?"

अप्पा आठवून म्हणाले, "दिवस मावळायच्या जरा आदी. जनावरं घराकडं निघायच्या येळंला."

"मंग बगा की."

सगळ्यांनी मान वळवली. सूर्य अजून चांगला दोन-तीन हात वर होता. बाजूच्या रानात गुरं निवांत चरत होती, गुराखी बांधावर आडवा झाला होता.

"पण पत्रिकेत सहा वीस छापलंय," चुलते म्हणाले.

नवरदेवानं चष्मा काढून पुसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ते मी छापून घेतलं," तो म्हणाला. "पंचांगात सूर्यास्ताची वेळ बघितली आणि त्यावरून सहा वीस लिहिलं. पण पंचांगात वेळा जुन्याच घड्याळाच्या आहेत. माझ्या मनगटावर नवं आहे." तो माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, मीपण तेच केलं. या घड्याळात सात वीसला मुहूर्त आहे."

"मंजे अजून एक तास हाय?" अप्पांनी विचारलं.

"पूर्ण एक तास."

चुलत्यांनी एकदा सूर्याकडं पाहिलं, एकदा घड्याळाकडं, मग नवरदेवाकडं. "मास्तर केलं तुला," ते म्हणाले आणि गाडीवानाकडं वळले. "मंग थांबलाव कामून? हाक की."

बैलांना काय कळलं देव जाणे, पण ते दोन कोस त्यांनी कसे काढले सांगता येत नाही. नव्या सातला आम्ही ताडकळसच्या वेशीत होतो. तिथं सगळं शांतपणे चाललेलं. गावचे वाजंत्री झाडाखाली विडी ओढत होते, स्वामी पाच कलश मांडून सूत गुंडाळत होते. आम्ही धापा टाकत आलो याचं कुणाला कारणच कळेना. "लय लवकर आलाव जणू," आई वऱ्हाडाला ओवाळताना म्हणाली. त्यावर चुलते पहिल्यांदा मोकळं हसले. फेटा सावरत, पोट हलेपर्यंत हसले.

मी आत पळाले. बहीण पाटावर बसली होती. "आक्का, उशीर झाला का गं?" तिनं विचारलं.

"न्हाई. टायमावर हाय समदं," मी म्हणाले आणि तिच्या मुंडावळ्या सारख्या केल्या. बाहेर गुरांची धूळ उठली, घंटा किणकिणल्या आणि स्वामींनी हाक दिली. अक्षता पडल्या तेव्हा सूर्य गावाबाहेरच्या लिंबांच्या शेंड्यांना टेकत होता.

जेवणाच्या पंगतीत गावचे मास्तर आणि नवे जावई शेजारी शेजारी बसले आणि 'पुढं' या शब्दावर भात येईपर्यंत वाद घालत राहिले. मास्तरांनी शेवटपर्यंत हार मानली नाही. त्यांचं म्हणणं, सरकारनं शब्दच चुकीचा वापरला. मला आता वाटतं, त्यात तथ्य होतं. मी स्वतः त्यानंतर गावाला चिठ्ठी लिहिली तर 'सूर्य काठीभर वर आला की निघा' एवढंच लिहायची.

चुलते पुढं कामानिमित्त हैदराबादला जाता-येता पूर्णेला उतरू लागले. उतरले की सरळ आमच्याकडं. आधी तारेनं कळवायचे आणि तारेत वेळेच्या पुढं 'नवी' असा शब्द आवर्जून घालायचे. तार घेताना यांना हसू आवरायचं नाही.

लढाई संपली त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर घड्याळ पुन्हा जागेवर आणायचा हुकूम आला. तोवर मला लेक झाली होती, वर्षाची होत आली होती. यांनी लायनीत घरोघरी जाऊन सांगितलं, की उद्यापासून जुनीच वेळ. ज्या रात्री काटे मागं घेतले त्या रात्री यांचीच पाळी होती, त्यामुळं यांना एक तास जास्त बसावं लागलं.

सकाळी लेक रोजच्या वेळेला उठली आणि रोजच्यासारखी दुधासाठी रडली. तिला कुठल्याच हुकुमाचं काही नव्हतं. सीताफळांचे दिवस होते. खालाच्या माहेराहून टोपलीभर आली होती, ती तिनं पडवीत आणून ओतली. हे थकून आले, हातपाय धुतले आणि खाटेवर आडवे झाले. लेकीला पोटावर घेतलं. स्वयंपाकाला अजून वेळ होता. आत्याबाई, खाला आणि मी कोवळ्या उन्हात बसून सीताफळं फोडत होतो, बिया एका वाडग्यात टाकत होतो. यांचा डोळा लागला. लेक त्यांच्या शर्टाच्या गुंडीशी खेळत होती. मग तीही झोपली. आम्ही तिघी आवाज बारीक करून बोलत राहिलो.